सोपारे बंदर आणि त्याचा शेजार

आमचा पुतण्या व त्याची पत्नी गेल्या दिवाळीच्या सुटीत तुर्कस्तानचा प्रवास करून आली. इज्मिर या समुद्रकाठच्या शहरी, ज्याचे स्मर्ना हे जुने नाव आपण भूगोलाच्या पुस्तकांत वाचले होते, ती दोघे चार दिवस राहिली आणि तेथून आसपासची प्राचीन स्थळे त्यांनी पाहिली. परत आल्यावर एका रात्री जेवणे उरकून सर्व मंडळी दिवाणखान्यात जमली व त्यांनी आणलेली छायाचित्रे पाहण्याचा कार्यक्रम झाला. एफिसस नगरातील सेल्ससचे दुमजली ग्रंथालय, संगमरवरी फरसबंदीचे रस्ते, डोंगराच्या कुशीत खोदलेले हजारो प्रेक्षकांचे नाट्यगृह, हे सर्व पाहून मुले थक्क झाली. आर्टेमिस देवीचे जे मंदिर जगातील सात आश्चर्यांपैकी एक म्हणून गाजले, त्याच्या जागी आज दलदलीत एकच स्तंभ उभा आहे. तोही निरनिराळे तुकडे रचून उभा केलेला. हे मंदिर शोधून काढले ते जॉन टर्टल वुड नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने. तो गेला होता स्मर्ना ते आयदिन या रेल्वेची स्थानके बांधावयास. पुढे वर्षानुवर्षे त्याने जमीन उकरली आणि १८६९ सालच्या ३१ डिसेंबर रोजी वीस फूट चिखलाखाली त्यास मंदिराची फरशी लागली.

आमच्या मनात मात्र राहिले ते निराळेच चित्र. नाट्यगृहापासून निघालेला एक रुंद, सरळ रस्ता, दोहोंकडे खांबांच्या रांगा, आणि शेवटी काही नाही. बोरू, गवत व शेते. “हे बंदर,” पुतण्या म्हणाला. “कायस्टर नदीने गाळ आणून आणून ते भरून टाकले. समुद्र आता काही मैल पलीकडे गेला आहे.”

आमचे तीर्थरूप काका एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी सारे आयुष्य शाळेत इतिहास शिकविला. ते इतका वेळ स्वस्थ बसून होते. त्यांनी विचारले, “म्हणजे नगर लढाईने गेले नाही?”

“नाही काका. लढाया झाल्या, भूकंप झाले, त्यांतून ते पुन्हा पुन्हा उठले. शेवटी गेले ते गाळाने.”

“मग आपल्या सोपाऱ्यासारखेच की,” काका म्हणाले.

यावर कोणी काही बोलले नाही. बोरिवलीत राहून आम्हांस चाळीस वर्षे होत आली. नालासोपारा तेथून सहावे स्थानक. विरारच्या गाडीत उभे राहण्यास जागा मिळाली तर अर्ध्या तासाच्या आत माणूस तेथे पोचतो. घरातील अकरा माणसांपैकी एकानेही सोपारे पाहिलेले नव्हते. आणि काकांनीही नव्हते, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. मग ठरले की, या हिवाळ्यातील रविवार त्या बंदरास व त्याच्या शेजारास द्यावयाचे.

प्रारंभ घराजवळूनच, म्हणजे कान्हेरीपासून केला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाजापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर रस्ता आहे आणि तेथवर बस जाते, त्यामुळे काकांस फार चालावे लागले नाही. सोमवारी लेणी बंद असतात, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. कृष्णगिरीचे कान्हेरी झाले. काळ्या कातळाच्या त्या डोंगरात शंभरावर लेणी खोदलेली आहेत आणि इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून सुमारे एक हजार वर्षे तेथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. सहलीस येणारी मंडळी बहुधा तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह व ओवरीतील दोन्ही बाजूंच्या प्रचंड उभ्या बुद्धमूर्ती पाहून, फोटो काढून परततात. आमच्या मते कान्हेरीचा खरा ठेवा वर, आडबाजूच्या लहान लेण्यांत आहे. तेथे प्रत्येक लेण्याशेजारी पाण्याचे टाके आहे. कातळावर पडलेले पावसाचे पाणी अरुंद चरांतून वाहत येऊन टाक्यात उतरेल, अशी योजना सबंध डोंगरभर केलेली आहे. शिलालेखांत या टाक्यास ‘पोढी’ म्हटले आहे. आमच्या वहिनींनी ओणवून पाणी पाहिले व म्हणाल्या, “आमच्या सोसायटीच्या टाकीचे काम या लोकांस दिले असते तर बरे झाले असते.”

शिलालेखांविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. लेणी राजांनी खोदविली असा आपला समज असतो. कान्हेरीचे लेख वाचले तर दाते निघतात ते व्यापारी, सोनार, लोहार, भिक्षुणी, गृहस्थांच्या बायका. कोणी लेणे दिले, कोणी पोढी, कोणी बसण्याचा बाक. कोणी शेत दिले किंवा रक्कम ठेवली आणि तिच्या उत्पन्नातून भिक्षूंस वस्त्रे मिळावीत अशी व्यवस्था केली. मुद्दल कधी मोडावयाचे नाही, म्हणून या ठेवीचे नाव ‘अक्षयनीवी’. आणि हे दाते राहणारे कोठले? कल्याणचे, चेऊलचे, नाशिकचे, सोपाऱ्याचे. काका काठी टेकून म्हणाले, “पैसा खाली बंदरात मिळत होता आणि पुण्य वर डोंगरात जमा होत होते. बंदर गेले, जमाखर्च तेवढा राहिला.”

नव्वदाव्या लेण्यात एक गंमत आहे. इसवी सन १००९ मध्ये व पुन्हा १०२१ मध्ये तेथे आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे, सालासुद्धा, कोरून ठेवली आहेत. भिंतीवर नावे कोरणाऱ्या आजच्या तरुण जोडप्यांस आम्ही नुकतेच बोल लावीत होतो, तो हा फलक वाचून गप्प झालो. एक हजार वर्षांच्या अंतराने अपराधाचा पुरावा होतो असे दिसते.

याच हिवाळ्यात एका सकाळी आम्ही अंधेरीची महाकाली लेणी पाहिली. तेथील नवव्या लेण्यात स्तूपाभोवती दगडातच गोल झोपडी कोरलेली आहे, जाळीच्या खिडक्यांसह. पश्चिम भारतात असे दृश्य विरळा. जोगेश्वरीचे शैव लेणे सहाव्या शतकातले, अतिशय विस्तीर्ण, परंतु चहूंकडून घरांनी वेढलेले. खाली उतरताना आपण लेण्यात शिरत आहो की कोणाच्या मोरीत, असा संशय येतो. त्याविषयी अधिक लिहिण्यात अर्थ नाही; जाऊन पाहावे आणि डोक्यावरच्या गळतीपासून जपावे.

मंडपेश्वराची गोष्ट मात्र वेगळी. बोरिवलीच्या पश्चिमेस, दहिसरच्या वाटेवर हे शैव लेणे आहे. आत महादेवाची पिंडी आहे, पूजा होते, आणि बाजूच्या दालनात नृत्य करणाऱ्या शिवाचा सुंदर, भग्न पट आहे. सोळाव्या शतकात साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल झाला तेव्हा फ्रान्सिस्कन साधूंनी या लेण्याचे प्रार्थनामंदिर केले व वरच्या टेकडीवर मठ बांधला. मठाच्या उंच पडक्या भिंती आजही लेण्याच्या माथ्यावर उभ्या आहेत. लेण्यातील शिल्पे तेव्हा भिंत घालून झाकली गेली. एका भिंतीवरील मूर्ती तासून तिच्या जागी मोठा क्रूस कोरला, तो आजही स्पष्ट दिसतो. पुढे मराठ्यांचा अंमल आला, मग इंग्रजांचा. पूजा कधी या देवाची, कधी त्या. आमची धाकटी नात क्रुसापुढे बराच वेळ उभी होती. तिने विचारले, “आजोबा, हा पुसून टाकीत का नाहीत?” काका म्हणाले, “पुसला तर खालची मूर्ती परत येणार आहे का?” उत्तर तिला पटले की नाही, ते कळले नाही, आम्हांस मात्र ते काकांच्या तोंडून ऐकून थोडे नवल वाटले. कारण काकांची खरी ओढ होती वसईची. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, हा धडा त्यांनी पस्तीस वर्षे वर्गात असा शिकविला होता की, त्यांचे जुने विद्यार्थी अजून त्याची आठवण काढतात.

सोपाऱ्यास निघण्याच्या आदल्या रात्री काकांनी कपाटातून अशोकाच्या लेखांचे पुस्तक काढले. सोपाऱ्यास १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्यावर आज मोजकेच शब्द शाबूत आहेत. पूर्ण मजकूर गिरनार, कालसी वगैरे ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. आणि हा लेख आहे प्रवासाविषयी! पूर्वीचे राजे विहारयात्रेस, म्हणजे मृगया व तत्सम करमणुकींसाठी बाहेर पडत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधगयेची यात्रा केली आणि तेव्हापासून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. त्यांत ब्राह्मणांची व श्रमणांची भेट घ्यावयाची, त्यांस दान द्यावयाचे. वृद्धांना भेटावयाचे व त्यांस सोने द्यावयाचे. खेड्यापाड्यांतील लोकांचे दर्शन घ्यावयाचे आणि त्यांच्याशी धर्माविषयी बोलावयाचे. यात राजाने स्वतःचे दर्शन प्रजेस द्यावयाचे असे लिहिलेले नाही, त्याने जनपदातील माणसांचे दर्शन घ्यावयाचे असे आहे, हे काकांनी बोट ठेवून दाखविले.

“मग आपली यात्रा कोणती?” वहिनींनी विचारले. “डबे तर मी दोन्हींचे सारखेच भरणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो. रविवार असल्याने काकांस बसावयास जागा मिळाली. भाईंदर मागे पडले की गाडी खाडीवरील पुलावर येते व एकाएकी दोन्ही अंगांस आभाळ मोकळे होते. एरवी या पुलावरून जाताना प्रवासी फोनमधून मान वर काढीत नाहीत. काकांनी मुलांस दाखविले की, हीच ती वसईची खाडी. तिच्या उत्तरेस वैतरणा. आणि या दोहोंमधील वसई-सोपाऱ्याचा मुलूख एके काळी खाड्यांनी वेढलेले बेट होते. या खाड्यांतून गलबते थेट सोपाऱ्याच्या धक्क्यास लागत. पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’ नावाच्या वहीत भडोचनंतरच्या बाजारपेठांत ‘सुप्पारा’ व ‘कल्लिएना’ ही नावे येतात. टॉलेमीच्या भूगोलात ‘सौपारा’ आहे. महाभारतात शूर्पारक आहे. सिंहलद्वीपाच्या महावंशात विजय राजपुत्राचे जहाज लंकेस जाण्यापूर्वी याच बंदरी लागले असे सांगितले आहे. इतक्या देशांच्या, इतक्या भाषांच्या पुस्तकांत ज्याचे नाव, त्या गावाच्या स्थानकावर उतरताना आम्हांस आसपास दिसल्या त्या इमारतींच्या रांगा, रिक्षा आणि वडापावच्या गाड्या. रिक्षावाल्यास काकांनी ‘बुरूड राजाचा कोट’ असे सांगितले, ते त्यास उमगेना. “बौद्ध स्तूप का? मग तसं सांगा ना!” म्हणून त्याने दहा-पंधरा मिनिटांत आणून सोडले.

कुंपण घातलेल्या आवारात, झाडांच्या सावलीत, विटांचा एक बसका उंचवटा. एफिससची छायाचित्रे ताजी असलेल्या मुलांचे चेहरे उतरले. “एवढेच?” असे कोणी बोलले नाही, परंतु आम्हांस ते ऐकू आले.

येथे पंडित भगवानलाल इंद्रजींविषयी सांगितले पाहिजे. हा जुनागढचा नागर ब्राह्मण. इंग्रजी शिक्षण जवळजवळ नाही. गिरनारच्या वाटेवरील अशोकाचे लेख पाहून पोरवयातच त्यास जुन्या लिप्यांचे वेड लागले. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजींनी त्याची पारख केली, त्यास जवळ आणले व देशभर शिलालेख उतरविण्यास धाडले. पुढे लायडनच्या विद्यापीठाने त्यास सन्माननीय डॉक्टर केले. सन १८८२ मध्ये त्याने हा उंचवटा मधोमध खणविला. आत विटांची चौकट, तीत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि सर्वांच्या आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय निघाले? मातीच्या एका भांड्याच्या काही खापऱ्या. ते बुद्धाचे भिक्षापात्र, अशी ठेवणाऱ्यांची श्रद्धा असावी. करंडकाभोवती आठ लहान ब्राँझच्या मूर्ती होत्या, सात मानुषी बुद्धांच्या व आठवी मैत्रेयाची, म्हणजे जो अजून यावयाचा आहे त्याची. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे होते. ही सर्व सामग्री मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली. स्तूपापाशी राहिल्या त्या विटा.

काका हे सर्व मुलांस सांगत असता एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन उभे राहिले. अंगात पांढरा सदरा, सोबत लेक, सून, नातवंडे. घाटकोपरहून आले होते. त्यांनी स्तूपासमोर फुले ठेविली, मेणबत्त्या लावल्या, सर्वांनी हात जोडून वंदना म्हटली. आम्ही जोडे काढून बाजूस उभे राहिलो. आटोपल्यावर त्यांनी काकांस विचारले, “आपण पहिल्यांदाच आलात का?”

“पहिल्यांदाच,” काका म्हणाले. “एक्याऐंशी वर्षांत.”

“आम्ही दर वर्षी येतो. माझे वडील आणीत असत, छप्पन सालानंतर. तेव्हा येथे नुसते रान होते.”

मग दोघेही झाडाच्या पारावर बसले. भगवानलालांची हकीकत काकांस ठाऊक होती, ती त्या गृहस्थांनी मन लावून ऐकली. काकांस ठाऊक नव्हती ती पूर्णाची कथा, आणि ती त्या गृहस्थांनी सांगितली. पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी. समुद्रावरच्या सफरीत श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून त्याने बुद्धाचे नाव ऐकले, तो तेथे गेला व भिक्षू झाला. नंतर त्याने आपल्याच बाजूच्या अपरान्त देशी जाण्याची आज्ञा मागितली. बुद्ध म्हणाले, त्या देशीची माणसे फार तापट आहेत. त्यांनी शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणाला, मी समजेन की भली माणसे आहेत, हात उगारीत नाहीत. आणि हात उगारला तर? शस्त्र चालवीत नाहीत, म्हणून भली. आणि शस्त्रच चालविले तर? जीव घेत नाहीत, म्हणून भली. आणि जीवही घेतला तर? तर या नाशिवंत देहातून सोडविले, म्हणून भली. तेव्हा बुद्धांनी त्यास जाण्याची आज्ञा दिली. हा अपरान्त म्हणजे आपले कोकणच. कोकणी माणसाच्या जिभेची कीर्ती इतकी जुनी आहे, हे आमचे मूळ गुहागरचे काका या आधी जाणत नव्हते. दोघेही वृद्ध खूप हसले.

निघताना काकांनी त्यांस सांगितले, “मी सबंध जन्म इतिहास शिकविला; सोपाऱ्याचे नावही शिकविले. पण हा धडा आमच्या पुस्तकांत नव्हता, आणि मीही तो शोधला नाही.” ते गृहस्थ म्हणाले, “आता कळला ना.” वहिनींनी डब्यातल्या तिळाच्या वड्या त्यांच्या नातवंडांस दिल्या, त्यांच्या सुनेने आमच्या मुलांस संत्री दिली.

सोपारे केवळ बौद्धांचे होते असेही नाही. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा प्रसिद्ध लेख आहे. तो क्षत्रप नहपानाचा जावई. भडोच, दशपूर, गोवर्धन व सोपारे येथे प्रवाशांसाठी त्याने धर्मशाळा बांधल्या. पार, दमण, तापी, डहाणू इत्यादी नद्यांवर फुकट नावा ठेविल्या. आणि सोपाऱ्यातील रामतीर्थासारख्या ठिकाणी राहणाऱ्या चरक शाखेच्या मंडळींस त्याने नानंगोल गावची बत्तीस हजार नारळीची झाडे लावून दिली. त्याच लेखात ब्राह्मणांच्या भोजनाचा उल्लेख आहे व त्याच दात्याने बौद्ध भिक्षूंस लेणे दिले आहे. शिलाहारांच्या काळातही सोपारे नांदते होते. पुढे १३२१ मध्ये ठाण्यास मारल्या गेलेल्या चार ख्रिस्ती साधूंचे देह जॉर्डानस नावाच्या त्यांच्या सोबत्याने सोपाऱ्यासच आणून पुरले, म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षे आधी. त्यानंतर खाडी भरत गेली, व्यापार वसईस व ठाण्यास सरकला, आणि सोपारे भाजीपाल्याचे व केळीच्या बागांचे गाव होऊन राहिले. चक्रेश्वर तळ्याकाठी, महादेवाच्या देवळाजवळ, जुन्या मूर्ती मांडून ठेवल्या आहेत. त्यांत ब्रह्मदेवाची उभी मूर्ती पाहण्यासारखी आहे. तळ्याच्या पायरीवर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. बंदर कोठे असेल, असे मुलांनी विचारले. काकांनी काठीने दाखविले तिकडे सात मजल्यांच्या इमारतींची रांग होती.

पुढचा रविवार वसईचा. वसई रोड स्थानकापासून किल्ला सात-आठ किलोमीटर दूर आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांस दिला व दोनशे वर्षांत त्यांनी तटाच्या आत एक संपूर्ण शहर वसविले. सात चर्चे, मठ, रुग्णालय, वाडे. आज सर्व उघडे, छपरावाचून, तटांतून वडाची मुळे उतरलेली. येथे मात्र मुलांस ‘एवढेच?’ असे वाटले नाही. काका स्मारकापाशी गेले, डोक्यावरची टोपी काढून त्यांनी चिमाजीअप्पांस नमस्कार केला आणि मग भर उन्हात, तटाच्या सावलीसही न जाता, वेढ्याची हकीकत सांगितली: अणजूरच्या नाइकांची खटपट, दलदलीतून नेलेले मोर्चे, कोसळलेले व पुन्हा भरलेले सुरुंग, आणि १७३९ च्या मे महिन्याच्या मध्यास सेबास्तियनच्या बुरुजास पडलेले खिंडार. आवाज पुन्हा वर्गातला झाला होता. फिरावयास आलेले पाचपंचवीस लोक भोवती जमले. शरणागतीच्या अटी सांगताना मात्र काका सावकाश बोलू लागले. गोऱ्या शिपायांनी निशाणे फडकावीत, वाद्ये वाजवीत बाहेर जावे. बायकापोरे व चीजवस्तू न्यावी. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांनी आपला धर्म पाळावा. “इतक्या माणसांचे रक्त सांडल्यावर या अटी मान्य केल्या,” ते म्हणाले, “हे मी वर्गात घाईने सांगत असे. परीक्षेत विचारीत नसत.”

एका चर्चच्या मनोऱ्याखाली ते थांबले. लहानपणी ते नाशिकास असत आणि नारोशंकराच्या देवळातील प्रचंड घंटेचा नाद त्यांनी नित्य ऐकलेला. ती पोर्तुगीजांवरील विजयाची निशाणी. भीमाशंकरची घंटा, जिच्यावर १७२९ हे साल कोरलेले आहे, तीही तशीच. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावरची तिसरी. काकांनी मान वर करून त्या मनोऱ्याच्या पोकळीकडे पाहिले. आत पारवे होते. कोणती घंटा कोणत्या मनोऱ्यातील, हे आज कोण सांगणार? नातीने विचारले, “आजोबा, यांना त्यांची घंटा आठवत असेल का?” काकांनी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने ते आपण होऊन म्हणाले की, याच वसईत १८०२ सालच्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. चिमाजीअप्पांनी मिळविलेल्या गावात त्यांच्याच भावाच्या नातवाने मराठी राज्य गहाण टाकले. त्रेसष्ट वर्षांत.

किल्ल्याच्या वाटेवर लाल लुगडे नेसलेली एक म्हातारी ख्रिस्ती बाई टोपलीत सुकेळी घेऊन बसली होती. वसई-आगाशीकडील राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून ही करतात. सोनेरी, मऊ, आणि मधासारखी गोड. शेजारणीशी ती आपल्या सामवेदी बोलीत बोलत होती, ती आम्हांस निम्मीच कळली. आमच्याशी शुद्ध मराठीत बोलली. काकांनी विचारले, “बाई, तुम्ही मूळच्या कोठल्या?”

“इथल्याच. आजे-पणजे सगळे इथलेच. तुम्ही?”

“आम्ही बोरिवलीचे. मूळचे गुहागरचे.”

“मग बाहेरचे तुम्ही झालात,” ती हसून म्हणाली आणि दोन सुकेळी वर घातली.

हे खरेच होते. येथील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांत आपले पूर्वज सामवेदी ब्राह्मण होते अशी परंपरा सांगतात. याच वसईत १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. जपानात नागासाकीस १५९७ साली त्यास क्रुसावर मारले व १८६२ मध्ये रोमने त्यास संत केले. आणि याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनी मराठीत ‘सुबोध बायबल’ लिहिले आणि २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान भूषविले. २०२४ साली ते वारले. काकांनी त्या बाईस त्यांचे नाव विचारले. “फादर होय!” ती म्हणाली, “आमच्या झाडांसाठी, पाण्यासाठी भांडत असत.” तिच्या लेखी संमेलनापेक्षा हे मोठे होते, आणि वसईच्या हिरव्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या इमारती पाहिल्यावर आम्हांसही ते पटले.

एवढ्याने प्रवास संपावयाचा. परंतु काकांचे समाधान होईना. ज्या लेखाने सारे सुरू झाले तो दगड पाहिला नव्हता. तो आहे मुंबईस, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. आणि नवव्या लेखाचा तुकडा, जो १९५६ मध्ये वसईजवळ भुईगावास मिळाला, तोही तेथेच. म्हणून मकरसंक्रांतीनंतरच्या शनिवारी आम्ही उलट दिशेची गाडी धरली. दगड मोठा नाही. काळा, कडा तुटलेला. अक्षरे खोल नाहीत, परंतु बोटाच्या पेरांएवढी व ठसठशीत आहेत. काकांस ब्राह्मी वाचता येत नाही. तरी ते नाकापाशी चष्मा धरून एकेक ओळ पाहात राहिले. शेजारी एका शाळेची मुले आली होती, त्यांच्या बाईंनी तीस सेकंदांत “हा अशोकाचा शिलालेख” असे सांगून त्यांस पुढे नेले. मागे रेंगाळलेल्या एका मुलाने काकांस विचारले, “यात काय लिहिलंय?”

“गावोगाव हिंडून लोकांना भेटावे, म्हाताऱ्यांना काही द्यावे, असे लिहिले आहे,” काका म्हणाले.

मुलाने जरा विचार केला, खिशात हात घातला आणि काकांच्या हातावर एक तिळगूळ ठेवून तो बाईंमागे पळाला.